पंख्याच्या विमानाचं एक इंजिन लाल झालं तर? बेलोऱ्याच्या विमानातल्या कॉकपिटमध्ये काय चालतं

(ताज्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना होणारी पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग अकोल्याच्या एका श्रोत्याच्या प्रश्नावर आहे. त्यांची आई आता मुंबईला विमानाने जाते. अकोल्यात विमान नाही, म्हणून शंभरेक किलोमीटर गाडी करून आधी अमरावती, तिथून बडनेऱ्याच्या पुढे बेलोरा, आणि बेलोऱ्याहून विमान. ते विचारतात, "विमान पंख्याचं आहे. एक पंखा मधातच बंद पडला तर पायलट काय करते? खरंखरं सांगा, धीर देऊ नका."

धीर देणार नाही. पण प्रश्न फार चांगला आहे, कारण याचं उत्तर यंत्रात कमी आणि माणसांत जास्त आहे.

आधी विमान कोणतं ते बघू. १६ एप्रिल २०२५ ला बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. अलायन्स एअरचं एटीआर ७२-६००, सत्तरेक आसनं, पावणेदोन तासांचा प्रवास. 'पंख्याचं विमान' म्हटलं की आपल्याकडे लोकांना ते जुनं, स्वस्तातलं वाटतं. तसं नाही. आत जेट विमानासारखंच टर्बाइन असतं. फरक इतकाच की त्या टर्बाइनची ताकद गरम हवा मागे फेकण्यात न जाता सहा पात्यांचा मोठा पंखा फिरवण्यात जाते. दीडेक तासाच्या अंतरासाठी आणि आखूड धावपट्टीसाठी हेच परवडतं. बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटर आहे, नागपूरची ३२००. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता 'वॉर्निंग' म्हणजे काय? सिनेमात सगळं एकदम लाल होतं आणि सायरन वाजतो. खऱ्या कॉकपिटमध्ये इशाऱ्यांना पायऱ्या असतात. पिवळा दिवा आणि एकदाच 'टिंग' वाजलं तर त्याचा अर्थ, लक्ष द्या, पण हातातलं काम आधी संपवा. लाल दिवा आणि थांबता न थांबणारी टिंगटिंग म्हणजे आत्ता, लगेच. एटीआरमध्ये दोघांच्या मधोमध एक पडदा असतो. त्यावर दोन्ही इंजिनांची ताकद, आतलं तापमान, तेलाचा दाब, पंख्याचे फेरे दिसतात आणि नेमकं काय बिघडलंय ते शब्दांत लिहून येतं. आगीसाठी वेगळी सोय आहे. डोक्यावर प्रत्येक इंजिनाची एकेक मूठ असते, आगीचा इशारा आला की त्या त्या बाजूची मूठ लाल उजळते.

यातलं तापमान आपल्या लोकांना समजावून सांगायला लागत नाही. विहिरीवरची मोटर गरम होऊन वास यायला लागला की शेतकरी आधी बटण बंद करतो, कारण मग शोधतो. बेअरिंग गेलं असेल, व्होल्टेज कमी असेल, पंप जाम झाला असेल, ते नंतर. चालू ठेवली तर मोटर जळते हे नक्की. इंजिनाच्या तापमानाचंही तसंच आहे. पाती झिजली, दाबाची हवा कुठून गळायला लागली, इंधनाचं माप बिघडलं, यातलं काहीही झालं तरी पायलटला दिसतो तो तापमानाचा वर सरकणारा आकडा.

मुंबईचं खरं उदाहरण घ्या. १९ मे २०२२, गुरुवार. एअर इंडियाचं मुंबई-बंगळुरू विमान सकाळी ९ वाजून ४३ मिनिटांनी उडालं. एअरबस ए-३२० निओ, दोन जेट इंजिनं. काही मिनिटांतच एका इंजिनाच्या बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान प्रमाणाबाहेर गेल्याचा इशारा आला. ते इंजिन बंद करण्यात आलं, विमान मागे वळलं आणि १० वाजून १० मिनिटांनी मुंबईतच उतरलं. सत्तावीस मिनिटं. प्रवाशांना त्याच दिवशी दुसऱ्या विमानाने बंगळुरूला पाठवलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी 'हवेत इंजिन बंद' अशी होती, आणि वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येणं साहजिक आहे. पण कॉकपिटच्या बाजूने पाहिलं तर ही सत्तावीस मिनिटं जवळजवळ पाठ केलेली असतात.

त्या मिनिटांत काय होतं ते सावकाश बघू, कारण गोम इथेच आहे.

इशारा वाजल्यावर पहिली गोष्ट म्हणजे कुणीच कशाला हात लावत नाही. दोघांपैकी एक जण विमान उडवतो, दुसरा त्याच्यावर आणि यंत्रांवर नजर ठेवतो, रेडिओवर बोलतो. ही वाटणी उड्डाणाआधीच ठरलेली असते आणि त्यात कॅप्टनच उडवेल असं काही नाही. इशारा आला की उडवणारा उडवतच राहतो. नाक कुठे, वेग किती, विमान सरळ आहे ना. दुसरा पडद्यावर काय आलंय ते मोठ्याने वाचतो. उड्डाणानंतर लगेच इशारा आला असेल तर चाकं आत घ्यायची आणि किमान ४०० फूट वर जाईपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही, अशीच बहुतेक ठिकाणी शिस्त असते. चारशे फूट म्हणजे थोडे सेकंद. पण त्या सेकंदांत घाई करणाऱ्या हातानेच जास्त नुकसान केलंय, हे या धंद्याने फार महाग किमतीला शिकून घेतलंय.

एक इंजिन गेलं की विमान त्या बाजूला ओढलं जातं. बैलजोडीतला उजवा बैल बसला आणि डावा ओढतच राहिला तर बंडी उजवीकडे वळते, अगदी तसंच. पायलटला ते पायाने सावरावं लागतं, शेपटीचं उभं सुकाणू पायाखाली असतं. म्हणून वैमानिकांमध्ये एक जुना हिशेब आहे, ज्या पायावर जोर लागत नाही त्या बाजूचं इंजिन मेलं. डोळ्यांआधी पायाला कळतं. तरी फक्त पायावर विश्वास ठेवायचा नाही, पडदाही तेच म्हणतोय का हे बघायचं.

पंख्याच्या विमानात आणखी एक भानगड आहे. बंद पडलेल्या इंजिनाचा पंखा हवेत भिंतीसारखा आडवा येतो आणि विमानाला मागे ओढतो. वाऱ्यात सूप धरून बघा. तोंडावर धरलं तर हाताला झटका देतं, कड वाऱ्याकडे केली तर वारा निसटून जातो. पंख्याची पाती अशी कडेवर फिरवायची सोय असते, तिला 'फेदर' करणं म्हणतात. एटीआरमध्ये उड्डाणाच्या वेळी हे काम यंत्रणा आपोआप करते, आणि त्याच क्षणी चांगल्या इंजिनाची ताकद वाढवते. नेहमीच्या उड्डाणात इंजिनं पूर्ण ताकदीच्या साधारण ९० टक्क्यांवर ठेवतात, एक गेलं की दुसरं १०० वर जातं. म्हणजे राखीव ताकद मुळातच बाजूला काढून ठेवलेली असते.

मग येतं इंजिन बंद करणं. इथे नियम असा की एकाने लीव्हरवर हात ठेवायचा, ओढायचा नाही, आणि म्हणायचं, "एक नंबर?" दुसऱ्याने स्वतः बघायचं आणि मगच हो म्हणायचं. प्रत्येक लीव्हरला हेच. आग असेल तर एटीआरमध्ये क्रम पाठ असतो. ताकद कमी, पंखा फेदर, इंधन बंद, डोक्यावरची मूठ ओढायची, दहा सेकंद थांबून पहिली बाटली सोडायची, आणि तीस सेकंदांनी इशारा तसाच असेल तर दुसरी. एवढं झाल्यावर पुस्तक काढायचं आणि बाकीची कामं वाचून वाचून करायची. वाचून का? कारण घाबरलेल्या माणसाची स्मरणशक्ती बेभरवशाची असते. वीस वर्षांचा अनुभव असला तरी.

"एक नंबर?" "हो." हे दोन शब्द वाचायला किती क्षुल्लक वाटतात! ते नसले तर काय होतं, ते याच जातीच्या विमानाने दाखवलंय.

४ फेब्रुवारी २०१५, तैवान. तैपेईच्या सोंगशान विमानतळावरून ट्रान्सएशियाचं एटीआर ७२-६०० उडालं. ५८ माणसं. धावपट्टीवर धावतानाच कॉकपिटमध्ये दिसलं होतं की ती आपोआप फेदर करणारी यंत्रणा तयार असल्याचा दिवा लागलेला नाही. अशा वेळी उड्डाण थांबवायला हवं होतं, पण पुढे गेले. बाराशे फुटांच्या आसपास लाल इशारा आला, दोन नंबरचं इंजिन. खरं तर ते इंजिन चांगलं होतं. यंत्रणेतल्या एका छोट्या डब्यातला एक डाखलेला सांधा तुटका होता, त्यामुळे तिची चुकीची समजूत झाली आणि तिने दोन नंबरचा पंखा फेदर करून टाकला. कॅप्टनने हात घातला तो एक नंबरला. चालू, धडधाकट इंजिनाची ताकद त्याने कमी करत नेली आणि शेवटी ते बंद केलं. कॉकपिटमध्ये त्या वेळी तिघे वैमानिक होते. चूक लक्षात आली तेव्हा परत सुरू करायला उंची उरली नव्हती. विमान पुलाला घासून कीलुंग नदीत कोसळलं, ४३ जण गेले. उड्डाणापासून नदीपर्यंत जेमतेम तीन मिनिटं. तैवानच्या चौकशीत हेही पुढे आलं की, उड्डाणाच्या वेळी एक इंजिन जाणं, नेमक्या याच प्रसंगात हा कॅप्टन सराव यंत्रावर चाचपडत होता.

एका इंजिनावर ते विमान सहज परत आलं असतं, यात शंका नाही. त्यासाठीच ते बनवलंय.

आणि ही चूक तैवानपुरती नाही. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थ गावाजवळ ब्रिटिश मिडलंडचं बोइंग ७३७ पडलं. १२६ पैकी ४७ माणसं गेली. डाव्या इंजिनाचं पातं तुटलं होतं, बंद केलं गेलं उजवं. योगायोगाने त्याच वेळी हादरे थोडे कमी झाले, त्यामुळे वैमानिकांना वाटलं बरोबरच केलं. आता ऐका. मागच्या बाजूच्या काही प्रवाशांनी डाव्या इंजिनातून ठिणग्या निघताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. कॅप्टनने माइकवर सांगितलं की उजव्या इंजिनात बिघाड होता, ते बंद केलंय. ऐकणाऱ्यांपैकी काहींना प्रश्न पडला. पण पुढे कॉकपिटपर्यंत कुणीच ते पोचवलं नाही. वैमानिकाला आपल्यापेक्षा जास्त कळतं, आपण काय सांगणार, असंच वाटलं असणार.

राजेहो, आपल्याकडेही हेच झालं असतं की नाही? डॉक्टरसमोर, साहेबासमोर, तहसीलमध्ये आपण असेच गप्प बसतो. तर आईला एवढं सांगून ठेवा. खिडकीतून धूर, ज्वाळा, पंखा थांबलेला, तेलाचा ओघळ, काहीही दिसलं तर बेल दाबायची आणि हवाई सेविकेला सांगायचं, "डाव्या बाजूला" किंवा "उजव्या बाजूला", बाजूसकट. तोंड पुढे करून बसलेल्या माणसाची डावी-उजवी. वैमानिकाला आपल्या सीटवरून स्वतःची इंजिनं नीट दिसतातच असं नाही. तुमच्या आईला आठव्या रांगेतून कदाचित त्याच्यापेक्षा चांगलं दिसत असेल. एटीआरला दोन सेविका असतात, आणि केबिनमधून आलेली अशी माहिती कॉकपिटला कळवणं हे त्यांचं कामच आहे. उलट दिशेनेही निरोप येतो. कॅप्टन त्यांना चार गोष्टी सांगतो: काय झालंय, आपण काय करणार, किती वेळ आहे, वेगळं काही करायचं का. सेविका ते परत म्हणून दाखवते, म्हणजे ऐकण्यात फरक राहत नाही.

आता रेडिओ. 'पॅन पॅन' हा शब्द आपल्या बातम्यांत आला. १६ जुलै २०२५ ला इंडिगोचं दिल्लीहून गोव्याला, मोपा विमानतळाकडे निघालेलं ए-३२० निओ एका इंजिनात बिघाड झाल्याने रात्री मुंबईत उतरवलं. वैमानिकाने 'पॅन पॅन पॅन' असा संदेश दिला होता. 'मेडे' म्हणजे जीव धोक्यात, सगळे बाजूला व्हा. 'पॅन पॅन' म्हणजे अडचण गंभीर आहे, प्राधान्य द्या, पण विमान ताब्यात आहे. रुग्णवाहिकेत ऑक्सिजन लावून नेणं आणि हृदय बंद पडलेल्याला नेणं, यात जो फरक तोच. एक इंजिन बंद असलेलं दोन इंजिनांचं विमान कुठे मोडतं हे प्रसंगावर आणि कॅप्टनवर असतं. विमानतळावर मात्र दोन्ही वेळा अग्निशमनच्या गाड्या रांगेत उभ्या राहतात. त्या बघून घाबरायचं नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. समजा मुंबईहून येताना मधेच लाल इशारा आला. एटीआर एका इंजिनावर नेहमीच्या उंचीवर टिकत नाही, हळूहळू खाली येऊन कमी उंचीवर स्थिरावतं. म्हणून खाली डोंगर किती उंच हे महत्त्वाचं. हिमालयात ही मोठी डोकेदुखी असते. आपल्याकडे राज्यातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, म्हणजे साधारण ५४०० फूट. मेळघाटातलं वैराट ११७८ मीटर. एका इंजिनावरचं एटीआर याच्या बरंच वरून जातं, आणि घाट ओलांडला की पायनघाटाचं सपाट मैदान.

मग उतरायचं कुठे? नियम 'सर्वांत जवळचा योग्य विमानतळ' असा आहे आणि त्यातला 'योग्य' हा शब्द महत्त्वाचा. वाटेवर नाशिकचं ओझर आहे, शिर्डी आहे, छत्रपती संभाजीनगर आहे, पुढे नागपूर आहे. अकोल्याचे श्रोते लगेच विचारतील, "आणि आमचं शिवणी?" शिवणीचा विमानतळ बेलोऱ्याच्या कितीतरी आधीचा, इंग्रजांच्या काळातला, १९४३ चा. धावपट्टी सुमारे १४०० मीटर. लांबवायची मागणी वर्षानुवर्षं आहे आणि ती बराच काळ जमिनीच्या प्रश्नावर अडून राहिली. पण फक्त लांबीचा प्रश्न नाही. एका इंजिनावर उतरणाऱ्या कॅप्टनला अग्निशमन लागतं, चालू टॉवर लागतो, ताजी हवामानाची माहिती लागते, जवळ मोठं इस्पितळ लागतं. नियमित प्रवासी सेवा असलेल्या ठिकाणी हे रोज तयार असतं. म्हणून शिवणी अगदी पंखाखाली दिसत असलं तरी कॅप्टन वीस मिनिटं जास्त उडून मोठ्या धावपट्टीवर जाईल, आणि ते बरोबरच असेल. इंजिन बंद करून पुस्तकातली कामं संपली की घाई उरत नाही. आग विझत नसेल तर मात्र हिशेब बदलतो, तेव्हा जी धावपट्टी समोर ती आपली.

बेलोऱ्याहून उडतानाचा प्रश्न वेगळा आहे, आणि माझ्या मते तोच खरा. प्रत्येक उड्डाणाआधी एक वेग काढतात. त्या वेगाआधी इंजिन गेलं तर ब्रेक मारायचा, उरलेल्या धावपट्टीत विमान थांबलंच पाहिजे. त्या वेगानंतर गेलं तर थांबायचं नाही, एका इंजिनावर उडायचं, आणि तेवढ्यावर विमान वर चढलंच पाहिजे. दोन्ही गोष्टी १८५० मीटरमध्ये बसायला हव्यात. आता मे महिना आठवा. पारा पंचेचाळीसच्या पुढे. अशी तापलेली हवा समुद्रकाठच्या पंधरा अंशांच्या हवेपेक्षा दहा ते पंधरा टक्के विरळ असते. पंख्याला पकड कमी, इंजिनाला हवा कमी, पंखाला उचल कमी, आणि उडायला वेग जास्त लागतो, म्हणजे धावपट्टीही जास्त. हिशेब बसत नसेल तर एकच गोष्ट हातात उरते, वजन. उन्हाळ्याच्या दुपारी कधी काही सीट रिकाम्या ठेवल्या किंवा सामान मागे ठेवलं, तर काउंटरवर भांडू नका. ती जागा न फुटलेल्या इंजिनाच्या नावाने राखून ठेवलेली असते.

काही जणांनी १२ जून २०२५ च्या अहमदाबादबद्दलही विचारलंय. तो प्रकार या भागात मिसळू नका. तिथे उड्डाणानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांची ताकद गेली. एकच इंजिन जातं तेव्हाची सगळी शिस्त दुसरं चालू आहे या पायावर उभी असते. त्यावर वेगळं बोलावं लागेल, चौकशीचे कागद समोर ठेवून.

शेवटचं, आईच्या कामाचं. एटीआरमध्ये चढायचं दार मागे असतं, सामान पुढे. सुटकेची दारं मात्र पुढेही आहेत, प्रवाशांच्या पहिल्या रांगेजवळ दोन्ही बाजूंना. त्यामुळे बसल्यावर मागच्या-पुढच्या रांगा मोजून ठेवायच्या, धुरात बोटांनी मोजता येतात. उतरताना पिशवी घ्यायची नाही, त्यात कितीही महत्त्वाचे कागद असोत. पंख्याच्या बाजूने पळायचं नाही, सेविका दाखवेल तिकडेच जायचं.

बेलोऱ्यालाच एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण शाळा उभी राहते आहे. जाहीर झालेली योजना वर्षाला १८० वैमानिकांची, ३१ एक-इंजिनी आणि ३ दोन-इंजिनी विमानांची. त्या तीन विमानांवर आपली पोरं एक इंजिन मुद्दाम बंद करून उडायला शिकतील. त्या शिक्षणाबद्दल, आणि त्याच्या खर्चाबद्दल, पुढच्या भागात. प्रश्न पाठवत राहा.